स्वाहिली म्हणी: शहाणपण की समोरच्याला गप्प बसवायची सोय?

दर्यावर्दी: टांझानियातल्या दार-ए-सलामला चार वर्षं झाली. सुताराकडे कपाटासाठी तगादा लावला की तो हसून म्हणतो, "हाराका हाराका हाइना बाराका." घाईघाईत बरकत नाही. 'बाराका' म्हणजे आपली बरकतच, दोन्हीकडे अरबीतून आलेली. 'सुबीरा' म्हणजे सबुरी. आधी चिडायचो, आता पटतं. या 'मेथालीं'मधलं, म्हणजे म्हणींमधलं, शहाणपण आपण घड्याळाच्या नादात हरवून बसलोय.

खडूस_काका: कपाट मिळालं का?

दर्यावर्दी: नाही अजून.

खडूस_काका: मग झालं! त्याच भाषेत "न्गोजा न्गोजा हुउमिझा मातुम्बो" अशीही म्हण आहे. वाट बघून बघून पोट दुखायला लागतं. सुतार ती कधी ऐकवणार नाही. प्रत्येक म्हणीला उलटी म्हण असते, ज्याला जी सोयीची ती तो काढतो. यात शहाणपण कुठे आलं?

मावळतीकर: काका, उलट्या म्हणी असणं हेच तर शहाणपण. कुठे थांबायचं नि कुठे धावायचं हे माणसाने ठरवायचं. पाहुण्यांचंच घ्या. आपण म्हणतो, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." म्हणजे टोमणा मारून मोकळे. स्वाहिली म्हण सांगते, "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या ताटू म्पे जेम्बे": दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. हाकलत नाहीत, कामाला लावतात. घरचाच करून टाकतात! टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी 1962 मध्ये 'उजामा'ची, म्हणजे एका कुटुंबासारख्या समाजवादाची, कल्पना मांडताना हीच म्हण वापरली होती. जुन्या समाजात ऐतखाऊला जागा नव्हती, हा त्यांचा मुद्दा.

खडूस_काका: न्येरेरेंचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. पुढे 1973 नंतर त्याच उजामाच्या नावाखाली लाखो लोकांना सक्तीने नव्या गावांत हलवलं. कुदळ द्यायची म्हण सरकारच्या तोंडी आली की तिचा हुकूम होतो. बाकी "वापिगानापो तेम्बो, न्यासी हुउमिया", हत्ती झुंजतात आणि चिरडतं गवत, ही मला मान्य. पण ती गवताची म्हण आहे, हत्ती ती म्हणत नाहीत.

मावळतीकर: सक्ती चुकली, म्हण नाही.

कापडचोपड: तुम्ही दोघं पुरुषांच्याच तोंडच्या म्हणी मोजताय. तिकडच्या बायकांच्या कांगा बघा. जोडीने विकली जाणारी सुती वस्त्रं, चारी बाजूंनी किनार, मध्ये नक्षी आणि खाली छापलेली एक ओळ. त्या ओळीला 'जिना' म्हणतात, म्हणजे नाव. शेजारणीशी बिनसलं तर भांडायचं नाही. "हासिदी हाना साबाबू" लिहिलेली कांगा गुंडाळून तिच्या दारावरून जायचं. मत्सऱ्याला सबब लागत नाही! तिने जाब विचारलाच तर, अगं, कापड आहे, बाजारात मिळालं. नक्षीपेक्षा ओळ बघून कांगा घेणाऱ्याही असतात. काका, इथे म्हण कुणाला गप्प बसवतेय? जिला तोंड उघडायची सोय नाही, तिला ती बोलतं करतेय.

खडूस_काका: हे मान्य. पण मग ते शहाणपण नव्हे, हत्यार झालं. मी तेच म्हणत होतो.

कापडचोपड: हत्यार कधी काढायचं हे कळायला अक्कल लागतेच की.

दर्यावर्दी: उद्या सुताराकडे जाऊन "न्गोजा न्गोजा" ऐकवतो. पोटाचं नंतर कळवतो.