क्रुसाचा अर्थ "माझ्यासाठी" असा तुम्हाला कधी कळला?

वसईची_पोर: दरवर्षी लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) क्रुसाची वाट ही प्रार्थना करते, येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची १४ स्थानं तोंडपाठ आहेत, येशू आपल्या पापांसाठी मेला हे लहानपणापासून ऐकतेय पण ते "जगासाठी" असंच वाटतं, माझ्यासाठी असं आतून जाणवत नाही. तुम्हाला कसं जाणवलं?

नगरकर: मला बरब्बामुळे, म्हणजे येशूऐवजी सोडला गेलेल्या कैद्यामुळे. बायबलमधला मार्क १५ वाचताना मी कायम गर्दीच्या बाहेर उभा राहून येशूला शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदार पिलातावर चिडायचो, मग एका उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तोच अध्याय बरब्बा होऊन वाचला. बंडात खून केलेल्यांबरोबर बेड्यात पडलेला माणूस सुटतो आणि काहीच न केलेला वधस्तंभाकडे जातो. ती सुटका माझी आहे हे कळलं आणि रडू आवरेना.

माई: माझं वेगळं झालं ग. आई गेली तेव्हा प्रार्थनाच होईना, देवाने टाकलं असं वाटायचं. तेव्हा बायबलमधलं २२वं स्तोत्र वाचलं, त्याची पहिलीच ओळ, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", येशू क्रुसावर ओरडतो ना, म्हणजे ज्या काळोखात मी होते तिथे तो आधीच जाऊन आलेला. पापक्षमेचं मला नंतर उमगलं, आधी सोबत कळली.

डोंबिवलीकर: भावना आलीच पाहिजे असं नाही हां. लूक २३ मधला, येशू क्रुसावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो तो भाग हळू वाच आणि ज्याला तू माफ करू शकत नाहीस त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर, मला तिथेच सगळ्यात जास्त कळलं.

वसईची_पोर: माई, सोबतीचं वाचून गलबललं. आज २२वं स्तोत्र वाचते.