शब्दचर्चा : ‘अतिनील’ की ‘जंबुपार’?

प्रश्न : तारे आणि सक्रिय दीर्घिका (केंद्रातून प्रचंड प्रारण सोडणाऱ्या गॅलॅक्सी) यांच्या वर्णपटांवरील एका लेखाचे संपादन करीत आहे. लेखकाने ‘अल्ट्राव्हायोलेट’साठी सर्वत्र ‘अतिनील’ लिहिले आहे, तर मराठी विश्वकोशात ‘जंबुपार’ आढळतो. कोणता शब्द ठेवावा?

प्रतिसाद : ‘जंबुपार’ ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. शाळेत पाठ केलेले ‘तानापिहिनिपाजा’ आठवून पाहावे. निळ्यानंतर पारवा येतो, मग जांभळा. आणि १८०१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांना प्रकाशाने काळे पडणारे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत वेगाने काळे पडताना दिसले, ते त्या जांभळ्याच्याही पलीकडे. जंबू म्हणजे जांभूळ, त्याच्या पार ते जंबुपार. ‘अति’ या उपसर्गाला माझा आक्षेप नाही, कारण ‘अतींद्रिय’मध्ये तो ‘पलीकडचे’ हाच अर्थ देतो. अडचण ‘नील’ची आहे. ओझोनविषयीच्या बातमीत ती जाणवत नाही, खगोलशास्त्रात मात्र पदोपदी जाणवते. पृष्ठभागाचे तापमान ३०,००० केल्व्हिन असलेला तारा डोळ्यांना निळसर पांढरा दिसतो, पण त्याचे प्रारण सर्वाधिक असते ते १०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे जांभळ्याच्या बऱ्याच पलीकडे. अशा ताऱ्याचा ‘अतिनील वर्णपट’ म्हटले, की वाचणारा ‘फार निळा तारा’ असा अर्थ घेतो. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात विद्यार्थ्याने समासात ‘म्हणजे गडद निळा’ अशी टीपच लिहिली होती.

दीर्घिकांच्या बाबतीत घोटाळा वाढतो. हायड्रोजनच्या वर्णपटातील लायमन-आल्फा ही रेषा १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीची. इतक्या आखूड लांबीचे प्रारण वातावरण अडवते, म्हणून अशा निरीक्षणांसाठी १९७८ मध्ये इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्स्प्लोरर आणि २०१५ मध्ये भारताचा ॲस्ट्रोसॅट हे उपग्रह अवकाशात पाठवावे लागले. परंतु ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबीत होणारी वाढ) ३ असलेल्या क्वेसारमधील, म्हणजे अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रातील, तीच रेषा चौपट लांबीची होऊन ४८६ नॅनोमीटरवर, म्हणजे निळ्या पट्ट्यात, जमिनीवरील दुर्बिणीलाही दिसते. ‘अतिनील रेषा निळ्यात दिसते’ या वाक्यावर वाचक अडखळतो. ‘जंबुपार रेषा निळ्यात सरकली’ हे त्याला तत्काळ कळते.

प्रश्न : पटले. पण जिथे डोळ्यांना वर्णच दिसत नाही, तिथे ‘वर्णपट’ हा शब्द तरी चालेल का?

प्रतिसाद : चालेल. तरंगलांबीनुसार केलेली प्रारणाची मांडणी, हा त्याचा अर्थ आता रूढ झाला आहे आणि ‘वर्णपटविज्ञान’ही त्यावरच उभे आहे. फक्त पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘जंबुपार, म्हणजेच अतिनील’ असे एकदा लिहावे.