मदत हवी आहे: संसदेतल्या उपसभापतीचं नेमकं काम काय? परवा कार्यक्रम आहे

महालची_वर्षा
कोणीतरी लवकर सांगा प्लीज, परवा कार्यक्रम आहे. मुलगी नववीत आहे, शाळेत अभिरूप संसद बसवून राहिले, तिला उपसभापती केलं. सव्वीस पानांची स्क्रिप्ट आणि तिला एकच वाक्य, "सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब करण्यात येत आहे", बाकी पूर्ण वेळ अध्यक्षांच्या बाजूच्या खुर्चीवर नुसतं बसायचं. काल रात्री ते पान घेऊन बसली होती, त्या वाक्याखाली पेनानं इतक्यांदा रेघ ओढली की कागद फाटायला आला, आणि मला विचारते आई, याला काही कामच नसतं का गं. मला उत्तर देता आलं नाही. बाईंना फोन केला तर म्हणे ते नावापुरतंच पद असतं. खरंच असं असतं का?

गिट्टीखदान_काका
कोणतं सभागृह?

महालची_वर्षा
संसद लिहिलं ना. दिल्लीची.

गिट्टीखदान_काका
दिल्लीत दोन सभागृहं आहेत ताई, म्हणून विचारलं. उपसभापती राज्यसभेत असतो, लोकसभेत उपाध्यक्ष. तुम्ही अध्यक्ष आणि उपसभापती शेजारी बसवले, ते एका सभागृहात जुळत नाही. स्क्रिप्टमध्ये सरकारवर अविश्वास ठराव वगैरे आहे का, असेल तर लोकसभाच.

चांद्याचा_पोरगा
उपसभापती असेल तर मुलीला बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्याबद्दल जरूर सांगा. आमच्या चांद्याचा माणूस, रिपब्लिकन पक्षाचा, विरोधी बाकावरचा, आणि १९६९ ते १९७२ राज्यसभेचा उपसभापती. विदर्भातल्या किती पोरांना हे माहीत आहे? एका शाळेत मी हे नाव घेतलं तर मास्तरच माझ्याकडे पाहत राहिले. पद नावापुरतं असतं म्हणणाऱ्यांनी त्या काळात त्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते आधी पाहावं.

लातूरकर_७१
राज्यसभेचं कशाला, लोकसभेचं विचारून राहिल्या त्या. तिथे शिवराज पाटील होते, १९९० ला उपाध्यक्ष, सरकार व्ही. पी. सिंगांचं आणि पाटील काँग्रेसचे, म्हणजे विरोधातलेच. १९९१ ला तेच अध्यक्ष झाले. त्याआधी १९६७ ते १९६९ र. के. खाडिलकर होते. मराठी माणसं दोन्हीकडे आहेत, नुसतं विदर्भ विदर्भ नको.

चांद्याचा_पोरगा
विदर्भ विदर्भ नाही दादा, त्यांनीच उपसभापती लिहिलं म्हणून सांगितलं.

महालची_वर्षा
अहो भांडू नका, लोकसभाच आहे, आता बाईंना विचारलं. मग उपाध्यक्ष लिहायचं ना? खुर्चीपुढची पाटी रंगवून झालीय. आणि काम काय ते अजून कोणी सांगितलंच नाही.

तयारी_चालू_आहे
कलम ९३ नुसार लोकसभा आपल्यातून एक अध्यक्ष आणि एक उपाध्यक्ष निवडते. कलम ९५, अध्यक्षपद रिकामं असेल किंवा अध्यक्ष हजर नसतील तर उपाध्यक्ष काम पाहतो. अध्यक्षाला राजीनामा द्यायचा तर तो उपाध्यक्षाच्या नावे द्यावा लागतो, राष्ट्रपतींच्या नाही, परीक्षेत हमखास चुकतं हे. आणि उपाध्यक्ष हा अध्यक्षाचा मदतनीस नाही, तो सभागृहाला जबाबदार असतो. खुर्चीवर नसेल तेव्हा साध्या खासदारासारखं बोलू शकतो, मत देऊ शकतो.

ब्रिटनहून_नितीन
इथे कॉमन्समध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेसारख्या सभागृहात, तीन डेप्युटी स्पीकर असतात आणि त्यांच्यातल्या वरिष्ठाला चेअरमन ऑफ वेज अँड मीन्स म्हणतात. मुलीला सांगायला छान आहे.

धरमपेठ_रोखठोक
मला बाईंचं पटतं. १७व्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, उपाध्यक्ष निवडलाच नाही, पूर्ण पाच वर्षं. संसद बंद पडली का? तालिकेवरचे, म्हणजे अध्यक्ष नसताना खुर्चीवर बसायला नेमलेल्या यादीतले सदस्य आळीपाळीने बसले, काम चाललं. ज्याच्यावाचून अडत नाही ते पद कशाला पाहिजे?

गिट्टीखदान_काका
अडलं नाही कारण अडण्याची वेळ आली नाही. ३ मार्च २००२ ला अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, मनोहर जोशी निवडून आले मे महिन्यात. मधले दोन महिने सभागृह कोणाच्या खांद्यावर होतं, तर उपाध्यक्ष पी. एम. सईद यांच्या. त्याच काळात पोटा या दहशतवादविरोधी कायद्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठकसुद्धा झाली. तालिकेवरचा सदस्य कधी बसू शकतो, तर अध्यक्ष उपाध्यक्ष दोघंही त्या वेळी हजर नसतील तेव्हा. दोन्ही पदंच रिकामी झाली तर त्याला बसता येत नाही, राष्ट्रपतींना कोणाची तरी नेमणूक करावी लागते. आपल्या विधानसभेचं पाहा ना, २०२१ च्या फेब्रुवारीपासून २०२२ च्या जुलैपर्यंत अध्यक्षच नव्हते, उपाध्यक्ष झिरवाळ होते म्हणून निभलं.

धरमपेठ_रोखठोक
पण संविधानात मुदत कुठे दिलीय? शक्य तितक्या लवकर निवडा एवढंच आहे. त्यात बसतं ते.

गिट्टीखदान_काका
शक्य तितक्या लवकर याचा अर्थ पाच वर्षं होत नाही. मी हे मनापासून सांगतो, मला या गोष्टीचा त्रास होतो. १९२१ पासून, इंग्रजांच्या केंद्रीय विधिमंडळात सच्चिदानंद सिन्हा उपाध्यक्ष होते तेव्हापासून हे पद आहे, आणि स्वतंत्र भारतात ते रिकामं ठेवायचं? शिवाय विरोधकांना द्यायची पद्धतही पडत आली होती. वाजपेयींच्या काळात काँग्रेसचे सईद, मनमोहनसिंगांच्या काळात अकाली दलाचे अटवाल, मग भाजपचे करिया मुंडा. सक्ती नव्हती, पण पाळली जायची.

बर्डीवाला
काळे कोट भाड्याने पाहिजे असतील तर सीताबर्डीत ड्रेसवाल्यांकडे आजच सांगून ठेवा, उद्या गर्दी राहते, गॅदरिंगचा सीझन आहे.

संत्रा_मंडी
हिवाळी अधिवेशनात विधानभवन आतून पाहायचे पास कसे मिळतात कोणाला माहीत आहे का?

तयारी_चालू_आहे
वर्षाताई, स्क्रिप्टमध्ये पुढे काय काय आहे ते तर सांगा. तुमच्या मुलीच्या त्या वाक्याच्या आधी काय होतं?

महालची_वर्षा
आधी प्रश्नोत्तरं, मग दुष्काळावर चर्चा. मग एकोणिसाव्या पानावर विरोधी पक्षवाले अध्यक्षांनाच काढायचा ठराव आणतात, खूप गोंधळ होतो, हिचं तहकुबीचं वाक्य येतं, आणि दहा मिनिटांनंतर अध्यक्ष येऊन मतदान घेतात, ठराव पडतो, टाळ्या. बस.

गिट्टीखदान_काका
अहो ताई, हे आधी सांगायला हवं होतं!! स्क्रिप्ट तिथेच चुकली. कलम ९६, ज्याला काढायचा ठराव चर्चेला आहे तो स्वतः त्या वेळी खुर्चीवर बसू शकत नाही. १८ डिसेंबर १९५४ ला पहिले अध्यक्ष मावळंकर यांच्याविरुद्ध असाच ठराव आला होता. नेहरू बोलले त्यावर. खुर्चीवर होते उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार. ठराव पडला. १९८७ ला बलराम जाखड यांच्या वेळी पुन्हा तेच, खुर्चीवर उपाध्यक्ष थंबीदुराई. म्हणजे एकोणिसाव्या पानापासून पुढचं सगळं तुमच्या मुलीचं आहे. अध्यक्ष झालेला मुलगा खाली बाकावर बसेल, त्याला बोलता येईल, पहिल्या फेरीत मतही देता येईल, पण समसमान झाली तर निर्णायक मत त्याचं नाही.

धरमपेठ_रोखठोक
उपाध्यक्ष नसेल तर तालिकेवरचा बसेल की.

गिट्टीखदान_काका
तालिका कोण नेमतं? अध्यक्षच. उपाध्यक्ष मात्र सभागृह निवडतं. अध्यक्षाला ठेवायचं की काढायचं या चर्चेत त्यानेच नेमलेला माणूस खुर्चीवर बसणार, हे बरं दिसतं का सांगा.

धरमपेठ_रोखठोक
हा मुद्दा मान्य आहे. याचा विचार केला नव्हता.

महालची_वर्षा
काका तुमचे खूप उपकार. आत्ता बाईंच्या घरीच जाऊन आले, त्यांनी संविधान काढून ९६ वाचलं आणि लगेच पेन घेतला. पाटीवरचं "उपसभापती" खोडून "उपाध्यक्ष" करायला सांगितलं. मतदान घ्यायचं वाक्य नेमकं कसं?

गिट्टीखदान_काका
"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." मग "नाहीचे बहुमत, ठराव नामंजूर झाला." आणि मुलांना हेही सांगा की मंजूर करायचा असता तर हजर असलेल्यांचं नाही, त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. वर्गात चाळीस सदस्य असतील तर एकवीस, मग हजर कितीही असोत.

महालची_वर्षा
बेचाळीस आहेत, म्हणजे बावीस. पोरगी स्वयंपाकघरात फूटपट्टी ओट्यावर आपटून शांत राहा शांत राहा करून राहिली, भाजी करपली तरी मी काही बोलले नाही. एक राहिलं, चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते असं बाईंनी त्याच पुस्तकात पाहिलं, ते कुठे घालायचं?

तयारी_चालू_आहे
सुरुवातीलाच. महासचिव झालेल्या मुलाला एक ओळ द्या की नोटीस मिळून चौदा दिवस झालेत. आणि ठराव मांडताना पाठिंब्याला सदस्य उभे राहतात, खऱ्या लोकसभेत पन्नास लागतात, तुम्ही पाच उभे करा.