आरसी (रिमोटवर चालणारी) मॉडेल युद्धनौका वळताना आडवी होते, मदत हवी आहे (तातडीने)

काठावरचा कॅप्टन
रेव्हेल कंपनीच्या १:७२ (खरीच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) फ्लॉवर क्लास कॉर्व्हेटच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या युद्धनौकेच्या, किटमध्ये आरसी बसवलंय, आठ महिने खपलो. काल सोसायटीच्या पूलमध्ये पहिल्यांदा सोडली. सरळ झकास जाते. सुकाणू डावीकडे दिलं की उजवीकडे कलते आणि कललेलीच राहते. तिसऱ्या वळणाला आडवी. पुतण्याने उडी मारून काढली. रविवारी त्याचा वाढदिवस, सगळी पोरं बघायला येणार आहेत. बाकी सगळं नीट आहे. काय करू, पटकन सांगा.

नटबोल्ट
'बाकी सगळं नीट' म्हणजे? वजन किती? मोटर, बॅटरी कुठली आणि कुठे? पाणी शिरलं का?

काठावरचा कॅप्टन
वजन २.६ किलो, हवं तेवढंच. मोटर ५४० साइजची, थ्री-एस लिपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी). पाणी थेंबभर. पण प्रश्न कलण्याचा आहे.

नटबोल्ट
५४० वर थ्री-एस? अहो, कॉर्व्हेट आहे ती, स्पीडबोट नव्हे. खरी १६ नॉटने जायची. मॉडेलचा शोभेल असा वेग काढायला ७२ च्या वर्गमुळाने भागा, दोन नॉटसुद्धा येत नाहीत. म्हणजे सेकंदाला जेमतेम मीटरभर. काठाने तुम्ही रमतगमत चाललात तरी बरोबरीने यायला हवी. तुमची पळत असणार, म्हणून वळणावर एवढी कलते.

जुना खलाशी
लिपो काढून टाक. सहा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड घे, पाऊण किलोची. तळाला आडवी ठेवली की वजनही झालं आणि करंटही. पंचवीस वर्षं हेच करतोय.

लिपोभक्त
काका, ती आत घालायला अख्खा डेक कापावा लागेल. लिपोच तळाला ठेवा, बाजूला मासेमारीची शिशाची वजनं.

जुना खलाशी
तुझी लिपो फुगली की मग बोलू.

धूळपाटी
नौका कुठली रंगवलीत? याच वर्गातल्या चार कॉर्व्हेट रॉयल इंडियन नेव्हीकडे होत्या: आसाम, सिंध, गोंडवन आणि चक्क 'मराठा'! ती मूळची ब्रिटिशांची चारलॉक. मी असतो तर डोळे झाकून मराठा केली असती.

काठावरचा कॅप्टन
स्नोबेरी केलीय, कॅनडाची. रंगाबद्दल विचारलं नव्हतं.

धूळपाटी
बरं. पण मराठा शोभली असती.

सोल्डरसम्राट
मोटरच्या टोकांना ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावलेत का? नसतील तर सर्व्हो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) थरथरतो.

काठावरचा कॅप्टन
सर्व्हो अजिबात थरथरत नाहीये!!

पाटाचं पाणी
आमचं शेततळं मोकळंच आहे, घेऊन या. फक्त नौका अडकली तर कुणी आत उतरायचं नाही. तळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका गुळगुळीत झालाय की माणूस वर येऊ शकत नाही. दोरी आणि ट्यूब काठावर हवीच.

नटबोल्ट
मूळ मुद्द्यावर येऊ. २.६ किलो भरले कशाने? नुसता किट तर हलका असतो.

काठावरचा कॅप्टन
सायकलचे छर्रे. किलोभर. तळात ओतलेत.

नटबोल्ट
चिकटवलेत ना?

काठावरचा कॅप्टन
नाही, मोकळेच. पुढेमागे कमीजास्त करता यावेत म्हणून.

नटबोल्ट
कॅप्टन!!! हे पहिल्या ओळीत सांगायचं होतंत. घाटातल्या एसटीत उभे प्रवासी वळणावर एका बाजूला जातात ना, तेच चाललंय. नौका जरा कलली की किलोभर छर्रे उताराला धावतात आणि तिला परत उठू देत नाहीत. आत साचलेलं पाणीही तेच करतं. छोट्या पिशव्यांत घट्ट भरा, कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) दोन्ही बाजूंना सारखे, सिलिकॉनने चिकटवा. मग बादलीत नको, टबमध्ये ठेवून बोटाने एक कड दाबा. सोडल्यावर झटकन उठली पाहिजे. आणि बॅटरी कुठेय ते अजून सांगितलं नाहीत.

काठावरचा कॅप्टन
डेकच्या खालच्या बाजूला, वेल्क्रोने. चार्जिंगला हात पोचावा म्हणून.

जुना खलाशी
म्हणजे छपराला टांगलीय. धन्य.

काठावरचा कॅप्टन
(शुक्रवार रात्र) छर्रे काढले, निम्मे सोफ्याखाली गेले. उरलेल्यात नवे घालून पिशव्या भरल्या, बॅटरी तळाला आणली. टबमध्ये कड दाबली तर टुणकन उभी राहते! सगळ्यांचे आभार. फक्त अर्ध्या तासात आत कपभर पाणी आलं. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीतून येतंय बहुतेक.

जुना खलाशी
नळीत ग्रीस कुठलं भरलंस?

काठावरचा कॅप्टन
ग्रीस भरायचं असतं?