मुलगी व्हर्जिनिया टेकला चालली आहे, २००७ चं वाचून झोप उडाली

अनघा_क

नमस्कार मंडळी. लेकीला अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये सिव्हिलच्या एम.एस.ला प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. घरात नुसता आनंदीआनंद होता. परवा जेवताना दिरांनी सहज विचारलं, "तेच ना, गोळीबार झालेलं?" ते पुढे जेवत राहिले, माझं जेवण तिथेच संपलं.

रात्री बसून वाचून काढलं. १६ एप्रिल २००७, ३२ जणांचा जीव गेला. सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये दोघांना मारलं, आणि वर्गांमधला गोळीबार सुरू झाला नऊ चाळीसला. मधले दोन तास मुलं पाठीला सॅक लावून वर्गात जात होती? हे कसं होऊ शकतं? लेक म्हणते, "आई, मी तेव्हा बालवाडीत होते." तेही खरंच.

मला तिथे राहिलेलं माणूस हवंय. नंतर काय बदललं, आणि तिथे राहताना ते सारखं डोक्यात असतं का? आकडेवारी कृपया नको, ती बघून झाली.

खवचट_पंत

ताई, त्यापेक्षा जास्त माणसं रोज रस्त्यावर मरतात. निर्धास्त पाठवा.

अनघा_क

पंत, शेवटचं वाक्य वाचायचं राहिलं वाटतं.

जुना_होकी

अनघाताई, मी ऑगस्ट २००७ मध्ये तिथे पोचलो आणि पीएच.डी. होईपर्यंत राहिलो. घटनेच्या दिवशी मी तिथे नव्हतो, हे आधीच सांगतो.

असिस्टंटशिप स्वीकारल्याचं कळवायची मुदत तिकडे १५ एप्रिलपर्यंत असते. मी शेवटच्या दिवशी, रविवारी रात्री, 'येतो' म्हणून मेल टाकली. सोमवारी रात्री टीव्हीवर तीच इमारत दिसायला लागली. आईने टीव्ही बंद केला, प्लगही काढून ठेवला. बोलली काहीच नाही. मीही नाही. पुढे चार महिने आमच्या घरात कॉलेजचं नाव 'तिकडे' असं होतं.

तुमच्या दोन तासांबद्दल. हॉस्टेलमधला प्रकार आपसातल्या भांडणातून झालाय असं पोलिसांना वाटलं. मेलेल्या मुलीच्या मित्रावर संशय घेऊन ते त्याच्या मागे गेले. मारेकरी कॅम्पसबाहेर गेला, असं सगळ्यांनी धरून चाललं. विद्यापीठाची पहिली मेल गेली ९:२६ ला, तीही इतकी मोघम की वाचून कोणी वर्गात जायचं थांबलं नसतं. तोवर तो पोस्टात जाऊन एका टीव्ही वाहिनीला पाकीट पाठवून परत आला होता. (नाव लिहीत नाही. त्याला तेच हवं होतं.) नॉरिस हॉल, म्हणजे वर्ग चालू होते ती इमारत, तिच्या मुख्य दारांना त्याने आतून साखळ्या घातल्या. नंतरच्या दहा-अकरा मिनिटांत १७४ गोळ्या.

दारांवर मी इतका अडकलोय की बायको हसते. वर्गांची दारं आतून बंद करता येत नव्हती, कड्या-कुलपंच नव्हती. २०५ नंबरच्या वर्गातल्या मुलांनी टेबल दाराला लावून अंगाने रेटून धरलं. त्याने दारातून गोळ्या झाडल्या, पण तो आत येऊ शकला नाही. त्या वर्गात कोणालाही काही झालं नाही. शेजारच्या २०४ मध्ये प्रा. लिव्हिउ लिब्रेस्कू होते, ७६ वर्षांचे, नाझी छळातून वाचलेले. त्यांनी दार अडवून धरलं, मुलं खिडक्यांमधून खाली उड्या मारत होती (अमेरिकेतला दुसरा मजला म्हणजे आपला पहिला). ते स्वतः वाचले नाहीत. २०६ मध्ये प्रा. जी. व्ही. लोगनाथन जलविज्ञान शिकवत होते. मूळचे तमिळनाडूचे, सिव्हिलचेच, म्हणजे तुमच्या लेकीच्या डिपार्टमेंटचे. मी ज्या कॉरिडॉरमध्ये पाच वर्षं काढली तिथे त्यांच्याविषयी बोलताना लोक अजून वर्तमानकाळात घसरत. "लोगा असं समजावतो", असं.

मी पोचलो त्याच आठवड्यात स्मारकाचं लोकार्पण झालं. बरस हॉलसमोर अर्धवर्तुळात ३२ दगड. होकी स्टोन म्हणतात तो करडा दगड, तिथल्या बहुतेक इमारती त्याच्याच आहेत. त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एखादी भिंत उलगडून ठेवलीय. आधी एप्रिलमध्ये मुलांनीच आपणहून दगड मांडले होते. कोणीतरी तेहतिसावाही ठेवला, मारणाऱ्यासाठी. तो गायब झाला, परत आला. कायमच्या स्मारकात ३२च आहेत. यावर माझं मत पाच वर्षांत तीनदा बदललंय, म्हणून इथे देत नाही.

बदललं काय? नॉरिसमध्ये वर्ग भरणं कायमचं बंद झालं. त्या भागात पुढे शांतता-अभ्यास आणि हिंसा-प्रतिबंधाचं केंद्र आलं. साखळी घालता येणार नाही अशी दारांची हँडलं बसवली. फोनवर इशारा येण्याची सोय झाली. मला वाटतं यापेक्षा मोठी गोष्ट कागदावरची आहे. मारेकरी तिथलाच इंग्रजीचा विद्यार्थी. तो बिघडलाय हे त्याच्या विभागाला ठाऊक होतं, पोलिसांकडे तक्रारी होत्या, हॉस्टेलवाल्यांनाही माहीत होतं. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने त्याला स्वतःच्या जिवाला धोका ठरवून बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा, आणि खासगीपणाच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून कोणी कोणाला दाखवला नाही. गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या समितीच्या ऑगस्ट २००७ च्या अहवालात हे सगळं आहे. २००८ पासून व्हर्जिनियातल्या सरकारी विद्यापीठांना असे तुकडे एका टेबलावर आणणारा गट कायद्याने ठेवावा लागतो. आणि पिस्तुलं? न्यायालयाच्या त्या आदेशामुळे केंद्राच्या कायद्याप्रमाणे त्याला ती विकत घेताच यायला नको होती. पण रुग्णालयात भरती नाही, म्हणून राज्याने नाव यादीत घातलंच नव्हतं. दोन्ही दुकानांत तपासणी रीतसर झाली आणि तो रीतसर पास झाला. ही फट मात्र केन यांनी दोन आठवड्यांत बुजवली.

डोक्यात असतं का, विचारलंत. पहिल्या वर्षी हो. वर्गात दाराजवळ बसायचं की खिडकीजवळ, हे मी रोज ठरवायचो. मग क्विझ, असाइनमेंट, बर्फ, नापास होण्याची भीती. गेलं कधी ते कळलं नाही.

परत आलं ८ डिसेंबर २०११ ला. दुपारी कॅम्पसवर एका पोलिसाला गाडीत गोळी घातली. मी लॅबमध्ये होतो. वीसेक मिनिटांत टेबलावरचे सगळे फोन एकदम थरथरले, बाकावर काचेच्या नळ्या होत्या त्या किणकिणल्या. तो आवाज मला अजून येतो. कोणी काही बोललं नाही, एकाने दिवे घालवले, दुसऱ्याने फ्रीज दाराला लावला. संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून होतो. गंमत म्हणा, २००७ ला इशारा उशिरा दिला म्हणून झालेल्या ५५,००० डॉलर दंडाविरुद्धच्या सुनावणीसाठी विद्यापीठाचे अधिकारी त्याच दिवशी वॉशिंग्टनला होते.

पाठवा की नको, हे मी सांगणार नाही. लेकीला पहिल्या दिवशी अलर्टसाठी नंबर नोंदवायला सांगा, आणि १६ एप्रिलला ड्रिलफील्डवर, म्हणजे कॅम्पसच्या मधल्या मैदानावर, जायला. मध्यरात्री मेणबत्ती लावतात, ती दिवसभर जळते. मी पहिल्या वर्षी टाळलं होतं.

ईस्ट_लान्सिंगची_आई

माझा मुलगा १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट विद्यापीठात होता, तिथे गोळीबार झाला तेव्हा. तिघे गेले, पाच जखमी. तिथे विद्यापीठाशी काहीही संबंध नसलेला माणूस बाहेरून आला होता, त्यामुळे जुना_होकी म्हणतात ते तुकडे जोडून काही उपयोग झाला असता असं वाटत नाही. पण इशारा लवकर गेला, पंधराएक मिनिटांत. त्या कॅम्पसवर अशीही मुलं होती जी शाळेत असताना एकदा यातून गेली होती. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, स्वतःच्या मुलासाठी नव्हतं आलं.

त्याचा मेसेज: "आई ठीक आहे. फोन करू नकोस, वाजेल."

अनघा_क

जुना_होकी, दोनदा वाचलं. लेकीलाही दाखवलं. तिने फक्त लोगनाथन सरांचं नाव शोधलं आणि त्यांचे पेपर उघडून बसली. तुमच्या आईने प्लग परत कधी लावला?

ताई, "फोन करू नकोस" वाचल्यावर तुम्ही काय केलंत?

जुना_होकी

मी गेल्यावर. बाबांनी लावला.

ईस्ट_लान्सिंगची_आई

आपल्याकडे सकाळचे सात वाजले होते. धाकटीचा डबा भरत होते, तो भरला. झाकण बसेना, मग कळलं दुसऱ्या डब्याचं घेतलंय. तिला बसला सोडलं आणि तिथेच स्टॉपवर उभी राहिले, कारण घरात रेंज जाते. अकराच्या सुमारास मेसेज आला, "संपलं. बाहेर आलो. आता कर."