पाच महिन्याच्या लेकराला पुस्तक वाचून दाखवायचं का?

लातूरची_आई:
माझं लेकरू पाच महिन्याचं आहे, मी रोज त्याला मांडीवर घेऊन पुस्तक वाचते तर घरचे म्हणायलेत त्याला काय कळतंय, उगं घसा कोरडा करायलीस. मला वाटतं जन्मल्यापासूनच वाचावं. पोटात असतानाच शेवटच्या तीन महिन्यात लेकराला ऐकू येतं, जन्मल्यावर आईचा आवाज ओळखतं, मग थांबायचं कशासाठी? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१४ लाच सांगितलंय की जन्मापासून वाचा. अर्थ कळत नाही हे मान्य, पण ते माझ्या तोंडाकडं बघत राहतं आणि मी थांबले की हुंकार देतं. तुमचं मत सांगा, आणि पहिलं पुस्तक कसलं घ्यावं तेही.

परभणीचा_काका:
स्पष्ट बोलतो ताई, राग मानू नका. आमच्या घरात पुस्तक नव्हतं पण बोलणं कुठं कमी होतं? माय जात्यावर ओव्या म्हणायची, आज्जी न्हाऊ घालताना लेकराशी गप्पाच मारायची. ते सोडून जाड पुठ्ठ्याचं महागडं पुस्तक आणायचं, त्यात परत ए फॉर ॲपल, हे मला पटत नाही. आणि बीडकडची माणसं लेकरं घेऊन ऊसतोडीला जातात, सहा सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात, त्या आईनं पुस्तक कधी वाचायचं? तिला उगं वाटायचं आपण लेकराचं वाटोळं करायलोय.

लातूरची_आई:
ओव्या सोडा असं मी कुठं म्हणलं काका. पण आता जातं कुठंय, आमच्या घरात तीन माणसं आणि तिघांच्याही हातात मोबाईल. दिवसभर लेकराशी बोलणं काय तर दूध पी, झोप आता, रडू नको. होडी, करकोचा, ढग हे शब्द माझ्या तोंडी येतात ते पुस्तक उघडल्यावरच.

नांदेडकर_ताई:
मी अंगणवाडीत आहे म्हणून पुस्तकाचं सांगते. नवीन जन्मलेल्या लेकराला २०-३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणून सुरुवातीला काळीपांढरी ठळक चित्रं, तीही जवळ धरून. नंतर एका पानावर एकच चित्र. कोपरे गोल पाहिजेत आणि पिना अजिबात नकोत, कारण सहाव्या महिन्यात पुस्तक पहिलं तोंडात जातं, चावू द्या, हिसकावू नका. लांबलचक गोष्ट नको. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर साइट २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी मोफत मिळतात, पण मोबाईल लेकरापुढं धरू नका, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आत स्क्रीन नकोच. तुम्ही वाचून घ्या आणि तोंडी सांगा.

अंबाजोगाईची_मावशी:
मी नातीला वाचते पण पुस्तकात 'बाळ' असलं तर 'लेकरू'च म्हणते, आपल्या बोलीत आणते सगळं. म्हशीचं पान आलं की ती त्याच्यावर थाप मारते आणि माझ्याकडं बघते, मग मी हंबरल्याशिवाय पान उलटू देत नाही.

जालना_इंजिनिअर:
मावशी, हे मला नाही पटलं. छापलंय तेच वाचावं, नाहीतर शाळेत गेल्यावर लेकरं अडखळतात, आमच्या वर्गात हसायचे पोरं.

अंबाजोगाईची_मावशी:
हसणाऱ्यांना समजवा बाबा, नातीची बोली कशाला बदलू? छापील मराठी शाळेत शिकंलच की. वर्षाच्या लेकराला घरच्या आवाजात ऐकू द्या.

परभणीचा_काका:
मावशीशी सहमत. आता मला एक सांगा, जिला वाचताच येत नाही त्या आज्जीनं चित्र बघून मनानं गोष्ट रचली तर चालतं का?

नांदेडकर_ताई:
चालतं की! चित्राकडं बोट दाखवून बोलायचं, लेकरानं आवाज काढला की आपण उत्तर द्यायचं, खरं काम तेच आहे. अक्षरं मोठ्यांसाठी असतात.

परभणीचा_काका:
मग असं पहिल्यापासून म्हणा ना. तरी जन्मल्याबरोबर पुस्तक पाहिजेच हे मी मानणार नाही. पण कोपीवर नेता येईल, ओल लागली तरी टिकंल असं मराठी पुस्तक कुणाला माहीत असंल तर इथं टाका, आमच्या गावातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याच्या आधी मी स्वतः घेऊन वाटतो.