६ वर्षांची मुलगी, काखेत वास आणि जांघेत केस: पाळी लांबवायचं इंजेक्शन द्यावं का?

सायली_प: मुलगी ६ वर्षं १० महिने, उंची १२४ सेंमी, वजन २९ किलो. घामाला मोठ्यांसारखा वास, जांघेत थोडे काळे केस. छातीत गाठ (स्तन वाढू लागल्याची खूण) नाही. डीएचईए-एस (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) ७८ मायक्रोग्रॅम/डीएल, १७-ओएचपी (त्याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन) ०.९ नॅनोग्रॅम/एमएल (रक्त सकाळी ११ ला दिलं), बोन एज (एक्स-रेवरून हाडांचं वय) ८ वर्षं. घरचे म्हणतात इंजेक्शन सुरू करा, नाहीतर उंची खुंटेल. दूध-चिकनही बंद करा म्हणतात.

निरगुडी: इंजेक्शनचा इथे काही उपयोग नाही. ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प करतं. हे हार्मोन मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येतंय आणि ती त्या इंजेक्शनला दाद देत नाही. छाती वाढलेली नाही, म्हणजे खरं वयात येणं सुरूच झालेलं नाही. वर्षभर पुढे गेलेलं बोन एज या प्रकारात नेहमीचंच. अशी मुलं त्या वयात थोडी उंचही असतात, शेवटची उंची सहसा कमी होत नाही.

खटकते ती ११ ची वेळ. १७-ओएचपी पहाटे चढतं आणि दिवसभर उतरतं, त्यामुळे उशिरा घेतलेला नॉर्मल आकडा फसवा. सकाळी ८ च्या आत पुन्हा द्या. २ च्या खाली आला तर सौम्य सीएएच (अ‍ॅड्रिनलचा जन्मजात आजार) बहुतेक नाहीच. वर आला तर एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला चालना देणारं हार्मोन) चाचणी: त्याचे २५० मायक्रोग्रॅम देऊन ६० मिनिटांनी रक्त, तेव्हा १० च्या पुढे गेलं तर सीएएच धरतात.

लॅबकट्टा: युनिट बघा. काही लॅब नॅनोग्रॅम/डीएलमध्ये देतात, तिथे हेच २ म्हणजे २००. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही मशीनवर डीएचईए-एस खोटंच वाढलेलं दिसतं.

सायली_प: सोनोग्राफी?

निरगुडी: डीएचईए-एस ७८ असताना सरसकट नको. आवाज घोगरा होणं, क्लिटोरिस मोठं होणं, केस महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने वाढणं, डीएचईए-एस कित्येक शेकड्यांत जाणं, यातलं काही दिसलं तर मात्र लगेच. तेव्हा अ‍ॅड्रिनल किंवा अंडाशयातली गाठ (ट्यूमर) शोधावी लागते. घरात कोणी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) जेल लावतं का, तेही डॉक्टरांना सांगा; ते मुलीच्या अंगाला लागूनही असे केस येऊ शकतात.

खरं लक्ष वजनाकडे द्या, २९ किलो या उंचीला जास्त आहे. मानेच्या मागे मखमली काळपट पट्टा दिसतो का बघा. मळ समजून घासत बसतात, पण ती इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देण्याची) खूण असते. अशा काही मुलींना पुढे पीसीओएसचा (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड) त्रास होतो. दर ६ महिन्यांनी त्याच स्टेडिओमीटरवर (उंची मोजायचं उपकरण) उंची मोजा आणि छाती तपासून घ्या. ८ वर्षांच्या आत छातीत गाठ आली तर इंजेक्शनचा विषय तेव्हा निघेल. दूध-चिकन बंद करायची गरज नाही. वासाला साधा डिओ चालतो.